चीफ्सची ओ-लाइन: पहिले पाच ठीक, पण सहावा, सातवा, आठवा कोण?

चौथाप्रयत्न

२०२५चा सराव कॅम्प तोंडावर आलाय आणि कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल जिकडेतिकडे एकच चर्चा: नवा खेळाडू जॉश सिमन्सचा गुडघा पहिल्या सामन्यापर्यंत साथ देईल का? धागा काढतोय तो त्यापुढच्या प्रश्नासाठी. समजा दिली साथ, आणि ऑक्टोबरात दुसरंच काही दुखावलं. मग डावा टॅकल कोण?

कॅन्सस सिटीची ओ-लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) राखणारी पाच जणांची रांग (मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल), पाच वर्षांत दोनदा सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कोलमडली. दोन्ही वेळा लोकांनी "लाइन कमकुवत होती" म्हणून विषय संपवला. नीट पाहिलं तर दुखणं वेगळं होतं.

फेब्रुवारी २०२१, टॅम्पा, ५५वा सुपर बोल. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर. गार्ड लॉरें डुव्हर्ने-टार्डिफ हा डॉक्टर, कोविडच्या कामासाठी त्याने अख्खा मोसम सोडलेला. दुसरा गार्ड केलेची ओसेमेले दोन्ही गुडघे दुखावून बसलेला. तरीही लाइन कशीबशी तग धरून होती. मग आधीच्याच सामन्यात डावा टॅकल एरिक फिशरचा अकिलीस तुटला. माइक रेमर्स उजव्या टॅकलवरून डाव्यावर गेला, अँड्र्यू वायली उजव्या गार्डवरून उजव्या टॅकलवर सरकला आणि रिकाम्या गार्डवर स्टेफन विझ्नेव्स्की आला. एक माणूस पडला, तीन जागा हलल्या. क्वार्टरबॅक माहोम्सवर २९ वेळा दबाव आला आणि चीफ्स ३१-९ हरले.

फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लीन्स, ५९वा सुपर बोल. त्या मोसमात डाव्या टॅकलवर आधी नवखा किंग्सली सुआमाटाया, दुसऱ्याच सामन्यात त्याला बसवून वान्या मॉरिस, मग डिसेंबरात डी. जे. हम्फ्रीज. त्याचा हॅमस्ट्रिंग गेल्यावर जो थुनी हा लीगमधला अव्वल डावा गार्ड उचलून टॅकलवर लावला आणि गार्डवर माइक कॅलिएंडो आला. मोसमाचे शेवटचे काही आठवडे हे खपून गेलं. फिलाडेल्फिया ईगल्ससमोर नाही खपलं. सहा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं), आणि ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे त्याच्यावर चारापेक्षा जास्त माणसं धाडली नाहीत. चार जणांच्या रशवर सामना संपला, ४०-२२. हे २२ सुद्धा बरेचसे निकाल लागून गेल्यावरचे.

माझं म्हणणं एवढंच: राखीव फळी म्हणजे बाकावर बसलेली चार-पाच धिप्पाड माणसं नव्हेत. एक जण पडला तर एकच जागा बदलली पाहिजे. उरलेले चौघे जिथे होते तिथेच राहिले पाहिजेत. ज्या यादीत हे जमत नाही त्या यादीत राखीव बळ नाही, मग माणसं कितीही असोत.

हिशेब आठचा करावा. पाच सुरुवातीचे. सहावा दोन्ही बाजूंना खेळू शकणारा टॅकल, म्हणजे स्विंग टॅकल. सातवा सेंटर आणि दोन्ही गार्ड अशा तीन जागा सांभाळणारा. आठवा मोठा होतोय असा तरुण, शक्यतो टॅकल. नववा-दहावा प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या सराव गटात.

जुलै २०२५ची स्थिती: थुनीला शिकागोला दिलं, बदल्यात २०२६च्या ड्राफ्टमधली (कॉलेज खेळाडूंच्या निवडीतली) चौथ्या फेरीची निवड. २०२५च्या ड्राफ्टमध्ये ३२व्या क्रमांकावर सिमन्स घेतला, त्याची पटेलर टेंडन (गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध) २०२४च्या ऑक्टोबरात फाटलेली. टॅकल जेलन मूर ४९र्स संघाकडून आला, दोन वर्षं, तीन कोटी डॉलर. सुआमाटायाला डाव्या गार्डवर वळवतायत. सेंटर क्रीड हम्फ्री, उजवा गार्ड ट्रे स्मिथ, उजवा टॅकल जवान टेलर. मला सहावा दिसतो. सातव्या जागी कॅलिएंडो धरावा लागतो, पण सेंटर म्हणून त्याच्यावर विसंबावं का, ही शंका आहे. बोला.

गूळपोळी

छान मांडलंय. एक प्राथमिक शंका. गार्ड आणि टॅकल शेजारी-शेजारी उभे असतात, दोघंही तीनशे पौंडांच्या वर. थुनीसारखा कसलेला माणूस एक जागा बाहेर सरकला तर एवढं काय बिघडतं?

खडूफळा

ताई, त्या एका जागेत खूप काही बदलतं.

गार्डसमोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. आतल्या बाजूला सेंटर, बाहेर टॅकल, म्हणजे दोन्हीकडे भिंत. पावलं आखूड, काम मुख्यतः ताकद रोखण्याचं: कंबर खाली, हात आत, जागा सोडायची नाही. टॅकलसमोरचा एज रशर, म्हणजे टोकाकडून क्वार्टरबॅकवर जाणारा बचावपटू, बाहेर दोन-तीन यार्डांवर उभा राहून धावत येतो. टॅकलला मागे तिरकं सरकत जावं लागतं. बाहेरचा पाय मागे ढकलायचा, आतला पाय ओढून आणायचा, खांदे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे फार लवकर वळू द्यायचे नाहीत. वळले की रशर आत कापतो. आणि बाहेर मदतीला कोणी नाही.

मग हाताची लांबी. टॅकलसाठी संघ साधारण ३४ इंच शोधतात. थुनीचे हात ३३च्याही आत आहेत. गार्डवर हे झाकलं जातं कारण सगळं जवळून होतं. टॅकलवर रशर आधी छातीला हात लावतो आणि मग तुम्ही त्याच्या मर्जीने मागे जाता.

त्यात माहोम्सची सवय. दबाव जाणवला की तो सरळ मागे जातो. टॅकल सात यार्डांच्या हिशेबाने रशरला गोल फिरवत असतो, आणि क्वार्टरबॅक दहावर जाऊन उभा. रशरला वळण घ्यायचं कामच उरत नाही. नेहमीच्या टॅकलला हे अंगवळणी पडतं, नव्याला नाही.

उजवीकडून डावीकडे जाणंही सोपं नाही. सगळं आरशासारखं उलटं होतं: मागचा पाय, आधी टेकणारा हात, कंबरेचं वळण. रेमर्सने ५५व्यात तेच केलं, दोन आठवड्यांत.

उलटा प्रवास, म्हणजे टॅकलला आत गार्डवर आणणं, बराच सोपा. म्हणून राखीव निवडताना शंका असेल तर टॅकल घ्यावा. तो आत येऊ शकतो. गार्ड सहसा बाहेर जाऊ शकत नाही.

डॅलसचा_मावळा

+१ शेवटच्या परिच्छेदाला. आणि याचं पुस्तकी उदाहरण नेमकं समोरच्याच संघात होतं. मेकाय बेक्टन, जेट्समध्ये टॅकल म्हणून गाडी रुळावर आली नाही, ईगल्सनी २०२४ला एका वर्षाच्या स्वस्त कराराने घेतला आणि उजवा गार्ड केला. जॉर्डन मायलाटा हॅमस्ट्रिंगमुळे काही सामने बाहेर होता तेव्हा फ्रेड जॉन्सन डाव्या टॅकलवर उभा राहिला, बाकी कोणी जागा सोडली नाही. हाच तो तुमचा "एक पडला, एकच बदलला".

सेंटरचंही बघा. जेसन केल्सी खेळत असतानाच २०२२ला दुसऱ्या फेरीत कॅम जर्गन्स घेतला. २०२३ला त्याला उजव्या गार्डवर खेळवला, केल्सी निवृत्त झाल्यावर २०२४ला सेंटर. म्हणजे सेंटर जायच्या दोन वर्षं आधी सेंटर घरात. कॉन्फरन्स फायनलला जर्गन्सची पाठ धरली तर लँडन डिकरसन गार्डवरून सेंटरला आला, गार्डवर टायलर स्टीन. मध्यंतराला डिकरसनचा गुडघा गेला, तर जर्गन्स दुखऱ्या पाठीने उतरला. ५५-२३ जिंकले.

(डॅलसला राहून ईगल्सचं कौतुक लिहितोय, घरी कळू देऊ नका.)

साखरझोप

वाचतोय. अवांतर: सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, त्यात मध्यंतराला २४-० असेल तर ऑफिसला वेळेत पोचता येतं. ओ-लाइन कमकुवत असण्याचा हा एकमेव फायदा.

रविवार_रात्र

मूळ मुद्द्याशी अर्धाच सहमत. आठ चांगले लाइनमन कुणालाच परवडत नाहीत. ३२ संघांना प्रत्येकी दोन म्हणजे ६४ टॅकल लागतात, आणि जगात एवढे चांगले टॅकल नाहीतच. राखीव माणूस कच्चा असणारच हे धरून खेळाचा आराखडा बदलणं जास्त व्यवहार्य. टाइट एंडने (लाइनच्या टोकाशी उभा राहून ब्लॉकही करणारा, झेलही घेणारा) एज रशरला जाताजाता धक्का द्यायचा, म्हणजे चिप. सेंटर आणि गार्डने कमकुवत टॅकलच्या बाजूला सरकायचं. तीन पावलांचे झटपट पास, स्क्रीन (ब्लॉकरांच्या आडून छोटा पास), ड्रॉ (पासचा आव आणून धाव). माहोम्सला बाहेर पळवून त्याच्याभोवतीच्या कड्याची (पॉकेटची) जागाच बदलायची. अँडी रीड स्वतः कॉलेजात लाइनवर खेळलेला माणूस आहे, त्याला हे सांगायला नको.

चौथाप्रयत्न

राव, हे सगळं खरं आणि एका तिमाहीपुरतं पुरतंही. पण प्रत्येक गोष्टीची किंमत मोजा.

पाच जण चेंडू झेलायला जाऊ शकतात. टाइट एंडने चिप दिली की तो एक-दीड सेकंद उशिरा निघतो, म्हणजे क्वार्टरबॅक पहिल्यांदा नजर टाकतो तेव्हा तो नाहीच. टाइट एंड आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) दोघांना मागे ठेवलं तर ब्लॉक करायला सात, झेलायला तीन. समोर ईगल्ससारखा संघ असेल, जो चारच पाठवतो आणि सात मागे ठेवतो, तर तीनावर सात. माहोम्सला वेळ मिळतो पण फेकायला कोणी मोकळं नाही. मग चेंडू हातात राहतो आणि सॅक तरीही होतो. ५९व्यात नेमकं हेच दिसलं.

डावीकडे सरकण्याचंही तसंच. सेंटर डावीकडे वळला की उजवा गार्ड आणि उजवा टॅकल एकास एक राहतात. बचावाला ते दोन स्नॅपमध्ये (चालींत) कळतं आणि चांगला रशर तिकडे हलवला जातो. आणि हे सगळे उपाय ३-० मागे असताना चालतात. १७-० झालं की बचावाला रनची भीती राहत नाही, प्ले-ॲक्शन (धावेचा आव आणून पास) मरतं.

आराखड्याने एक कच्ची जागा झाकता येते. दोन नाही. म्हणूनच गार्ड उचलून टॅकलवर लावणं घातक, तुम्ही आपल्या हाताने दुसरी कच्ची जागा तयार करता.

खडूफळा

वरच्याला एक जोड. दोन शेजारच्या जागा एकदम बदलल्या की सर्वांत आधी ट्विस्ट अडवणं फसतं. बचावाचा आतला माणूस बाहेर घुसतो, बाहेरचा त्याच्या मागून आत वळतो. गार्ड आणि टॅकलने माणसं अदलाबदल करायची असतात. त्यासाठी दोघं साधारण सारखंच अंतर मागे सरकले पाहिजेत. टॅकल एक यार्ड जास्त मागे गेला तर मधे खिंडार पडतं आणि आत वळणारा सरळ क्वार्टरबॅकवर. हे बोलून होत नाही, बोलायला वेळच नसतो. शेजाऱ्याचा खांदा कधी सुटतो हे अंगाला कळावं लागतं, आणि ते एकत्र सराव केल्यानेच येतं.

इथेच राखीव माणसांची खरी अडचण आहे. मोसमात पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात, लीग आणि खेळाडूंमधल्या करारातच तसं आहे. त्या सरावात पहिले पाच जवळपास सगळे स्नॅप खातात. राखीव फळी आपल्या बचावासमोर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करते, कार्डावर काढलेल्या चाली बघून. म्हणजे डिसेंबरपर्यंत सहाव्या-सातव्या माणसाने स्वतःच्या संघाचे संकेत दर आठवड्याला ऐकलेले असतात, खेळलेले जवळजवळ नसतात. मग तो उतरतो आणि आपण म्हणतो "तयारी नव्हती".

उपाय महागडे नाहीत:

पॅडशिवायच्या चालत-चालत सरावात सहावा आणि सातवा पहिल्या गटात आळीपाळीने घालायचे. तिथे दुखापतीचा धोका नाही आणि अदलाबदलीचं कान-डोळ्यांचं काम होतं. प्रत्येक पाच स्नॅपला एक बदल पुरे. बदल मात्र रोज एकाच जागेचा. एकदम तीन बदलले तर कोणालाच काही कळत नाही.

सातव्या माणसाने रोज सरावानंतर २५-३० शॉटगन स्नॅप (मागे लांब उभ्या क्वार्टरबॅककडे पायांमधून चेंडू टाकणं) टाकायचे, आणि दोन्ही क्वार्टरबॅकना. त्यातले दहा ओल्या चेंडूने. राखीव सेंटरचा स्नॅप बहुतेक वेळा उंच जातो, कारण समोर नोज टॅकल (बचावाचा मधला माणूस) असला की तो उठायची घाई करतो आणि चेंडू उशिरा सुटतो. म्हणून समोर ढाल घेऊन माणूस उभा करूनच हा सराव करावा, मोकळ्यात केलेला उपयोगाचा नाही.

स्विंग टॅकलचे दिवस वाटून द्यावेत: बुधवारी डावीकडे, गुरुवारी उजवीकडे. एकाच सत्रात दोन्ही बाजू केल्या तर पाय गोंधळतात.

परक्या मैदानावरच्या गोंगाटासाठी मूक स्नॅप वेगळा. गार्ड मागे बघतो, क्वार्टरबॅकची खूण दिसली की सेंटरला थोपटतो, सेंटर ठरलेली मात्रा मोजून चेंडू सोडतो. गार्ड बदलला की थोपटण्याचा ठेका बदलतो, आणि फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधी हलल्याची शिक्षा) मात्र टॅकलच्या नावावर लागतो.

गूळपोळी

धन्यवाद, आता सामना बघताना चेंडू सोडून दुसरीकडे बघावं लागणार. अजून एक: यादी ५३ची, मग सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन ठेवायला कोच का-कू का करतात?

चौथाप्रयत्न

उलट २०२०च्या करारापासून ठेवायला प्रोत्साहनच आहे. सामन्याच्या दिवशी ४७ जण सक्रिय, पण त्यात किमान आठ ओ-लाइनमन असतील तर ४८. म्हणजे आठवा जवळजवळ फुकट पडतो.

खरी कुचंबणा ५३ निवडताना होते. नऊ लाइनमन ठेवले की रिसीव्हर किंवा स्पेशल टीम्सचा (किक-पंटच्या वेळी उतरणाऱ्या गटाचा) एखादा माणूस कमी होतो, आणि नववा लाइनमन पंट अडवायला धावत नाही. म्हणून नववा-दहावा प्रॅक्टिस स्क्वाडवर ठेवतात. तिथे १६ जागा आहेत, त्यातल्या सहा कितीही अनुभवी माणसाला देता येतात. दर सामन्याला दोघांना वर घेता येतं, पण एकाच खेळाडूला नियमित मोसमात तीनदाच. चौथ्यांदा हवा असेल तर ५३मध्ये करार करावा लागतो. आणि दुसरा कुठलाही संघ त्याला आपल्या ५३मध्ये उचलून नेऊ शकतो. चांगला राखीव सेंटर प्रॅक्टिस स्क्वाडवर लपवणं म्हणूनच जोखमीचं, नोव्हेंबरात सगळ्यांनाच तो हवा असतो.

रविवार_रात्र

सातव्या माणसाबद्दल मात्र पूर्ण सहमत, आणि उदाहरण चीफ्सचंच आहे. निक ॲलेग्रेटी. २०१९चा सातव्या फेरीतला. २०२४च्या जानेवारीत थुनीच्या छातीचा स्नायू दुखावला, म्हणून फेब्रुवारीत ५८व्या सुपर बोलमध्ये डाव्या गार्डवर तो उतरला, कोपराचा लिगामेंट तुटल्यावरही जादा वेळेपर्यंत खेळत राहिला, २५-२२. बाकी चौघे आपापल्या जागी होते. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनने त्याला नेलं, आणि तशा तयारीचा सातवा चीफ्सकडे उरला नाही. गार्डवर उभं राहायला भरवशाचा माणूस असता तर थुनीला बाहेर पाठवणं निम्मं तरी निभावलं असतं.

रच्याकने, पैशांचं गणित विसरू नका. हम्फ्रीला २०२४ला चार वर्षांचे ७.२ कोटी डॉलर, ट्रे स्मिथला २०२५ला चार वर्षांचे ९.४ कोटी, टेलरला २०२३ला ८ कोटी. थुनीला शिकागोला दिलं ते याच ओझ्यापायी. शिकागोची गरज तर उघडच होती, त्यांच्या नवख्या क्वार्टरबॅकने २०२४मध्ये ६८ सॅक खाल्ले.

डॅलसचा_मावळा

स्वस्तात माणूस कुठे मिळतो, यावर. तीन खिडक्या आहेत.

मार्चमध्ये पहिल्या आठवड्यात जाऊ नये, तेव्हा मधल्या दर्जाचा टॅकलही पहिल्या दर्जाच्या भावाने जातो. ड्राफ्टनंतर मे-जूनमध्ये ज्यांच्या जागी नवखा घेतला गेला असे अनुभवी सुटतात, ते बरेच कमी पैशांत येतात आणि कॅम्प पूर्ण मिळतो. ऑगस्टअखेर ९०चे ५३ होतात तेव्हा तिसरी खिडकी. पण तेव्हा आलेल्याला संकेत शिकायला दहा-बारा दिवस. तिथे घेताना उंची-वजनाआधी एक गोष्ट बघावी: आधीच्या संघात तो कुठल्या पद्धतीने खेळला? झोन ब्लॉकिंगमधून (माणसाऐवजी जागा राखण्याच्या पद्धतीतून) आलेला माणूस सरळ अंगावर जाण्याच्या पद्धतीत महिनाभर चुकीच्या पायाने सुरुवात करतो.

नोव्हेंबरातली खरेदी म्हणजे हम्फ्रीजचं झालं ते. डिसेंबर २०२३अखेर गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला, वर्षभर सामना नाही. त्याचा सर्वांत धोक्याचा भाग हॅमस्ट्रिंग आणि पोटऱ्या, गुडघा नव्हे. पहिल्याच सामन्यात ६०-७० स्नॅप टाकले की तेच तुटतं. अशाला आधी दोन आठवडे सहावा लाइनमन म्हणून दहा-बारा स्नॅप द्यायचे.

आणि २०२१चा धडा ड्राफ्टचाही आहे. त्या वर्षी थुनीला ८ कोटींचा करार, ऑर्लँडो ब्राऊनसाठी बाल्टिमोरला पहिल्या फेरीची निवड, हे सगळ्यांना आठवतं. पण क्रीड हम्फ्री ६३व्या आणि ट्रे स्मिथ २२६व्या क्रमांकावर मिळाले. स्मिथच्या फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या म्हणून तो सहाव्या फेरीपर्यंत घसरला. दोन वर्षांनी ५७व्या सुपर बोलमध्ये, मोसमात ७० सॅक केलेल्या ईगल्ससमोर, माहोम्सला एकही सॅक नाही. दरवर्षी एक तरी लाइनमन ड्राफ्टमध्ये घ्यावाच, गरज असो वा नसो.

खडूफळा

सिमन्सबद्दल. पटेलर टेंडनमध्ये ताकद परत येते, पण पायाचा पहिला स्फोट सर्वांत शेवटी येतो. मागे सरकताना ढकलणारा पाय तोच. कॅम्पमध्ये धावताना कसा दिसतो हे बघू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थकल्यावर, त्याचं दुसरं पाऊल पहिल्याएवढं लांब पडतं का ते बघा. आखूड पडायला लागलं की मूरला डाव्या टॅकलवर ठेवून सिमन्सला सहावा करावा, उलट नको. आणि सुआमाटायाला गार्डवरून हलवू नये, काहीही झालं तरी. एकदा आत आणला, आता त्याचे पाय तिथे स्थिरावू द्या.

गूळपोळी

सिमन्सला सहावा लाइनमन म्हणून थोडे स्नॅप द्यायचे म्हणजे नेमकं कसं? त्याचा क्रमांक ७०च्या घरातला, तो टाइट एंडच्या जागी उभा राहू शकतो?

डॅलसचा_मावळा

राहू शकतो. ५० ते ७९ क्रमांकाचा खेळाडू झेलण्यास अपात्र धरला जातो. पात्र जागेवर उभं राहायचं तर प्रत्येक चालीआधी रेफरीकडे जाऊन सांगावं लागतं, रेफरी बचावाला आणि मैदानाला घोषणा करतो. सलग दुसऱ्या चालीला पुन्हा सांगायचं, विसरला तर पाच यार्डांची शिक्षा.

आणि सांगताना फक्त ज्याला पात्र व्हायचंय त्यानेच जावं. ३० डिसेंबर २०२३, डेट्रॉइट विरुद्ध डॅलस: रेफरीच्या जवळ एकापेक्षा जास्त लाइनमन गेले, त्याने ७० क्रमांकाचा डॅन स्किपर पात्र म्हणून नोंदवला, दोन गुणांचा झेल घेतला ६८ क्रमांकाच्या टेलर डेकरने. झेल रद्द, डॅलस २०-१९ ने जिंकलं. आम्हाला फायदा झाला म्हणून तक्रार नाही, पण सहावा लाइनमन वापरणाऱ्या संघाने हे कॅम्पमध्ये रेफरी उभा करून घोटून घ्यावं.

चौथाप्रयत्न

हे यादीत घालतो. प्रीसीझनचा पहिला सामना झाला की दुसऱ्या फळीत सेंटरला कोण उभा होता आणि किती स्नॅप, ते इथेच टाकतो. तोवर कुणी कॅलिएंडोचे सेंटरवरचे स्नॅप पाहिले असतील तर लिहा: चेंडू किती उंच जातो आणि स्नॅपनंतर त्याचा पहिला पाय कुठे पडतो, एवढंच हवंय.